धुळ्याचा बिघडलेला वायरलेस

१९५६ साली रेल्वेला वाचा फुटली. तोवर स्टेशनं एकमेकांशी तारेवर कडकट्ट करत बोलत. आता बिनतारी यंत्रातून माणसासारखी तोंडानं बोलणार होती. सावद्याच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनात यंत्र आलं, तेव्हा आधी त्याला झेंडूचा हार घातला, मग नारळ फोडला आणि त्यानंतर ते चालतं का, याची चौकशी सुरू झाली. नारळाचं पाणी आत गेलं नाही, ही रेल्वेची पुण्याई.

तारबाबू तोताराम कोपऱ्यात उभा राहून हे पाहत होता. हेडऑफिसातून आलेल्या साहेबांनी फर्मान काढलं होतं की आज दोन्ही टोकांच्या तारबाबूंची परीक्षा. यंत्रावर ज्याला नीट बोलता येईल, तो टेबलावर राहील. ज्याला येणार नाही, त्यानं उद्यापासून मालधक्क्यावर पोती मोजावीत. एक टोक हे, दुसरं धुळं. साहेब धुळ्याला गेले नव्हते. परीक्षा दोन्हीकडे होती, पण केळी इकडेच होती आणि दोन घड सकाळीच जीपमध्ये जाऊन बसले होते.

तोतारामाला स्वतःची काळजी होती, अभिमनची मुळीच नव्हती. अभिमन हा धुळ्याचा तारबाबू. तिकडे माल उतरवून मोकळे झालेले मालडबे, म्हणजे वाघिणी, इकडे केळी भरायला येत आणि कोणत्या गाडीनं किती निघाल्या ते अभिमन तारेनं कळवी. अठरा वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. पण तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो आणि जाणत्याला तो लगेच ओळखू येतो. अभिमनचा हात म्हणजे सगळ्या लायनीवरचा फर्डा वक्ता. इंग्रजी अक्षरांत अहिराणी कोंबून तो अशी थट्टा पाठवी की तोताराम एकटाच खिदळत बसे, आणि हमाल पुनाला वाटे, बाबूचं डोकं फिरलं.

काल मात्र अभिमननं एवढंच पाठवलं होतं : ‘उद्या माझ्यासाठी देवाला हात जोड.’ तोतारामानं तीही थट्टाच समजली. अभिमनसारख्या बोलक्याला देव कशाला लागतो?

“भाऊ, बठ्ठं गाव उनं शे,” पुना आत येऊन म्हणाला. खरंच, खिडकीत डोक्यांची गर्दी झाली होती. सगळ्यांत पुढे इंदिराबाई होत्या. त्यांचे घड तोडून पहाटेपासून फलाटावर पडले होते.

“तारबाबू, ते भाषण-बिषण होऊ द्या मंग,” त्या म्हणाल्या. “मले आज वाघीण भेटीन का नाही, तेवढं इचारा.”

साहेबांना हा प्रश्न फारच क्षुल्लक वाटला, पण परीक्षेला दुसरा निरोप कुणी आणला नव्हता. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, असं त्यांनी तीनदा समजावलं. तोतारामानं बटण दाबलं आणि घसा खाकरून विचारलं, “हॅलो धुळे, केळीसाठी वाघिणी किती?” त्याचा आवाज ठणठणीत निघाला. साहेबांनी मान डोलावली. तोताराम पास झाला.

मग धुळं बोललं. “वा... वा... वा...” थोडी खरखर. पुन्हा “वा... वा...” आणि शांतता.

खिडकीत हशा पिकला. तोतारामाला तर उकळ्या फुटल्या. एवढा हार, एवढा नारळ आणि यंत्राला एक शब्द धड बोलता येऊ नये! उत्तर द्यायला त्यानं बटण दाबलं, पण शब्दांऐवजी हसूच बाहेर आलं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. अठरा वर्षं बोट दाबूनच बोलायची सवय. ते बटणावरून निघेचना. तो हसत राहिला आणि धुळं ऐकत राहिलं.

“व्हॉल्व्ह गेला!” साहेब लाल होऊन ओरडले. “धुळ्याचा सेट बिघडलाय.”

बोट निघालं, तेव्हा यंत्रातून पुन्हा “वा...” आलं, आणि त्यामागोमाग दम घेतल्याचा आवाज. तोतारामाचं हसू जागच्या जागी विरलं. यंत्र अडखळेल, बंद पडेल. दम घेणार नाही. अभिमनची जीभ अडखळत होती. लायनीवरच्या सगळ्यांत फर्ड्या वक्त्यानं ही तोंड न उघडता बोलायची नोकरी का धरली होती, ते त्याला आता कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, बटण दाबलं आणि माइकच्या डबीवर ठोकायला सुरुवात केली : ‘हातानं बोल.’

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“धूळ बसते, साहेब. झाडतोय.”

पलीकडून टकटक सुरू झाली. तोच हात, तीच लय, पण एकही थट्टा नाही. तोताराम मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्यानं मोठ्यानं सांगितलं, “धुळ्याचे बाबू सांगतात, वाघिणी पाच. सकाळच्या गाडीला लावल्या, चारपर्यंत इथे येतील.”

“या खडखडाटात तुम्हाला बोलणं कळलं?”

“कान तयार आहेत, साहेब. तिकडचे बाबू फार स्पष्ट बोलतात.”

साहेबांनी दोन्ही बाबूंना पास करून धुळ्याच्या सेटला नापास केलं. पुढे तो सेट चारदा दुरुस्तीला गेला. चारही वेळा नवे व्हॉल्व्ह पडले आणि चारही वेळा मोठमोठ्या इंजिनियरांनी दोष सापडल्याचं लिहून दिलं.

वाघिणी आल्या. इंदिराबाईंचे घड चढले, गर्दी पांगली, साहेबांची जीप गेली. तोताराम जुन्या तारेपाशी बसला. बऱ्याच वेळानं धुळं वाजलं : ‘एक विचारू? सगळ्यांत मोठ्यानं कोण हसत होतं?’

सेट बिघडलाय, खरखर होती, असं काहीही पाठवता आलं असतं. तोतारामानं बोट ठेवलं. ‘मी’ हा केवढासा शब्द, पण त्याला तो तीनदा तोडून परत सुरू करावा लागला. अठरा वर्षांत त्याचा हात पहिल्यांदाच अडखळला होता.

तो खुर्ची मागे सारून उठला. तोतारामाला वाटलं, संपलं. मग अभिमनचा हात हळूहळू वाजला :

‘तुना आवाज चांगला शे.’