प्रतिवादी क्रमांक दोन

कारकुनाने अर्ज टेबलावर सरकवला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. प्रतिवादी क्रमांक दोन. पुढे नाव नव्हतं.

"ताई, बातमीला आज वर्ष होतंय," वकीलबाई म्हणाल्या. "पाचला समोरचं कोर्टाचं काउंटर बंद झालं, की नवीन कुणाला दाव्यात ओढता येणार नाही."

औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मान हलवली. महिनाभर त्या हेच ऐकत होत्या आणि एकच उत्तर देत होत्या.

"मला नाही माहीत कोण ते."

मुदत संपलेल्या गोळ्या त्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतात, असं वर्तमानपत्राने छापलं होतं. कुणा 'जवळच्या व्यक्तीने' सांगितलं म्हणे. मागच्या खोलीतल्या खालच्या खणाचंही वर्णन होतं. तसा खण होता आणि त्यात तसल्या गोळ्याही होत्या. पण कंपनीला परत पाठवायच्या म्हणून बाजूला काढलेल्या. हे समजावून सांगेपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात गेली. आता वर्तमानपत्र हात वर करून मोकळं झालं होतं: आम्हाला सांगितलं ते आम्ही छापलं, सांगणाऱ्याला विचारा.

"त्या माणसाशिवाय दावा लंगडा आहे. दुकान जाईल, ताई."

"जाईल."

वकीलबाईंना राग आला. तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि वर वकिलाने जिंकून द्यावं म्हणायचं, असले अशील त्यांना मुळीच खपत नसत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मालकीणबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. काटा पाचावर आला, पुढे सरकला, आणि त्यांचे खांदे एकदम सैल पडले.

"संपलं ना?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग आता सांगायला हरकत नाही. बहीण माझी. धाकटी." मालकीणबाई हातातला रुमाल उलगडत, घडी घालत राहिल्या. "वडिलांनी दुकान मला एकटीला दिलं, ते तिच्या मनातून कधी गेलंच नाही. दुपारी माझा डबा घेऊन यायची, तेव्हा बघितलाय तिने खण. फार राग आहे मला तिचा, मॅडम. तोंड बघत नाही मी तिचं. पण आई तिच्याकडे असते. कोर्टाचा कागद त्या घरी गेला असता तर आईच्याच हातात पडला असता. दार तीच उघडते."

कारकून दारात थबकला होता. ऑफिसातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे असायचं. एकदा एका दाव्याची मुदत हुकली, तेव्हापासूनचा वकीलबाईंचाच तो हुकूम. काटा तपासायचं काम कारकुनाचं. त्याने लगबगीने अर्ज उचलला.

"मॅडम, नाव घालू? पळत गेलो तर..."

"कुठे पळताय? पाच वाजून गेले."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग वकीलबाईंकडे. अर्ज फाइलीत ठेवून दिला.

खिडकीतून कोर्टाचा व्हरांडा दिसत होता. काउंटरपाशी अजून रांग होती. वकीलबाई उठल्या आणि पडदा ओढून घेतला.

"ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर."

त्या बाजूला सकाळनंतर ऊन येतच नसे. मालकीणबाईंनी पडद्याकडे जरा वेळ पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "बरं केलंत."