देवमाशाला घातलेली हाक

ऑस्ट्रेलियाहून आलेल्या त्या पत्राला गोविंदरावांनी उत्तर दिलं नव्हतं. आपलं इंग्रजी पुस्तकी, त्यात दुःखाचं पत्र, एखादा शब्द वावगा गेला तर काय, असं म्हणत त्यांनी ते आज-उद्यावर टाकलं. खरं कारण निराळं होतं.

मालतीबाई होत्या तेव्हा दोघं तिथल्या किनाऱ्यावर देवमासे बघायला गेली होती. कड्यावर नेणारे गृहस्थ ॲबोरिजिनल समाजातले, वयाने वडील. सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांनी दोन काठ्या एकमेकींवर वाजवत समुद्राला आपल्या भाषेत हाक घातली. आपण कोण, कुणाची माणसं, हे देवमाशाला आधी सांगावं, नुसतं टकमक बघू नये, असं ते म्हणाले. गोविंदरावांनी भीत भीत परवानगी विचारून ते रेकॉर्डरवर टिपलं. हाक, मग जराशी शांतता, मग फवाऱ्याचा आवाज, आणि मालतीबाई: "अहो, आला बघा."

वर्षभरात मालतीबाई गेल्या. पाठोपाठ अंकलच्या भाचीचं पत्र आलं. मामा गेले. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, आवाज वाजवत नाहीत. त्याला वाटेतून मागे फिरावं लागतं. तो आवाज घरी पाठवा.

पण त्याच आवाजाच्या शेपटाला मालतीबाई होत्या, आणि दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

सिंगापूरला, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये ते लेकीकडे राहत. निहारिका युनिव्हर्सिटीत गेली की दुपारी दार लावून ते रेकॉर्डर कानाशी धरत. मधली शांतता लांबत चालली आहे, हे त्यांनी आधी वयावर ढकललं. मग एकदा त्या शांततेत कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. तो रेकॉर्डरमधून आला नव्हता. स्वयंपाकघरात कचरा खाली टाकायच्या भिंतीतल्या नळकांड्याची पत्र्याची झडप उचलली गेली आणि खाली बसली. घरभर खारट, माशाचा वास पसरला. खाली कुणी मासळीचं काही टाकलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही झडप नेमकी त्या शांततेतच वाजली. तरी ते थांबले नाहीत.

शनिवारी निहारिका घरी होती. त्यांनी आवाज बारीक ठेवला. काठ्या, हाक, शांतता. झडप वाजली. फवारा उडालाच नाही. अगदी जवळून, ओल्या आवाजात मालतीबाई म्हणाल्या,

"गोविंद."

निहारिका हसत दारात आली. "बाबा, आई चक्क नावाने हाक मारतेय? उखाण्यातसुद्धा तिची बोबडी वळायची म्हणे."

ते रेकॉर्डरकडेच बघत राहिले. तिचं हसू ओसरलं. "इथे 'अहो, आला बघा' होतं ना?"

"होतं."

"मग परत लावा बरं."

त्यांनी रेकॉर्डर बंद केला. तरी स्वयंपाकघरातून पुन्हा तो श्वास आला, सावकाश, एवढ्याशा घरात न मावणारा. निहारिकाने त्यांचा दंड धरला.

आवाज मालतीचाच होता, याबद्दल त्यांना शंका नव्हती. भीती त्याचीच वाटली. उभ्या संसारात जिने 'अहो'च्या पुढे पाऊल टाकलं नाही, तिला ते भान उरू नये अशा कुठल्या जागी आपण तिला रोज दुपारी ओढून आणत होतो?

निहारिकाने विचारलं, आईचे तेवढे शब्द कापून ठेवू का. "नको," ते म्हणाले. "तिलाही जाऊ दे."

मग त्यांनी लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पाचव्यावर एवढंच उरलं: उशीर झाला, क्षमा करा. तुमचे मामा आणि माझी पत्नी रेकॉर्डरच्या या मेमरी कार्डात एकत्र आहेत. दुसरी प्रत ठेवलेली नाही. तुमच्या रीतीने दोघांना निरोप द्या.

पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट घ्यायला हात पुढे केला. गोविंदरावांची बोटं सुटेनात. "अंकल, लेट गो, लाह," त्या हसून सिंगापुरी ढंगात म्हणाल्या.

त्यांनी सोडलं. बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.