सुईचं टोक

मंगळवारी दुपारी पळसवाडीच्या अंगणवाडीत मशीनची सुई मोडली, तेव्हा निशिगंधाने आधी घड्याळाकडे पाहिलं. खरं तर तिने कापडाकडे बघायला हवं होतं, जमिनीकडे बघायला हवं होतं. पण चार वाजायला दहा मिनिटं उरली होती आणि म्हशाहून मुरबाडला जाणारी जीप कुणासाठी थांबत नसे.

निशिगंधा आसनगावची. लग्नाआधी सहा वर्षं ती भिवंडीकडच्या एका कारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवायची. तिथे एक नियम होता. सुई मोडली की मशीन बंद करायचं, तिचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून कागदावर चिकटपट्टीने लावायचे आणि सुपरवायझरला दाखवायचे. एवढासा तुकडा कमी भरला तरी नवी सुई मिळत नसे, आणि त्या मशीनवरचा सगळा माल बाजूला काढला जाई. नव्या मुली हसायच्या या नियमाला. निशिगंधाही हसली होती. मग एकदा शेजारच्या मशीनवरच्या बाईच्या तळव्यात सुईचं टोक शिरलं आणि दिसेनासं झालं. चार दिवसांनी ते मनगटाजवळ सापडलं, तेही एक्स-रे काढल्यावर. त्यानंतर निशिगंधा कधी हसली नाही.

गेल्या वर्षापासून ती एका संस्थेतर्फे मुरबाड तालुक्यातल्या वाड्यांवर शिवणाचे वर्ग घ्यायची. पळसवाडी सिद्धगडाच्या अंगाला, गावाच्या टोकाशी वसलेली पंचवीस-तीस घरं. जमीन कुणाच्याच नावावर नाही, दिवाळी सरली की निम्मी वाडी कामाला बाहेर पडायची. पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या होत्या, "आमाला शिवून काय करायचा, बाई? आमी काय दुकान टाकणार हाव?" म्हणून निशिगंधाने ब्लाउज, फ्रॉक काही काढलंच नाही. भाकरी गुंडाळायचं फडकं, बियाण्याची थैली, पोरांची पाटी-पुस्तकं ठेवायची पिशवी, असं घरात लागणारं काही ना काही ती शिकवत गेली. दोन महिन्यांत अशी गत झाली की वाडीतून चालताना तिला दर दोन घरांआड आपला वर्गच वाळत घातलेला दिसायचा. सुंदरा नावाच्या बाईने तर चिंध्यांची झालर करून कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती. "त्यांना पण बरा वाटू दे की," ती म्हणाली होती, आणि सगळा वर्ग हसून लोळला होता.

या सगळ्यांत रंगूचा हात सगळ्यात चलाख. बावीस-तेवीस वर्षांची, बोलायला कमी. तिला दोन महिन्यांची मुलगी होती आणि तिच्यासाठी ती छोटी गोधडी शिवत होती. रंगूची आई मागच्या साली वारली. तिचं एकच हिरवं लुगडं रंगूकडे राहिलं होतं, तेच कापून तिने गोधडीचे थर केले. पाच मंगळवार ती त्यावर बसली होती. शेवटची कड मशीनवर घालताना जाड शिवणीवर सुई अडली आणि टक् झालं.

सुईचा वरचा भाग मशीनमध्येच राहिला. निशिगंधाने तो काढला, नवी सुई बसवली.

"बाई, टोक कुठं गेला?" रंगूने विचारलं.

"पडलं असेल खाली. झाडताना सापडेल," निशिगंधा म्हणाली. "तू कड पुरी कर, चल. मला निघायचंय."

रंगूने कड पुरी केली, पोरीला गोधडीत गुंडाळलं आणि हसत घरी गेली. निशिगंधाला जीप मिळाली.

बुधवारी सकाळी चहा ठेवल्यावर तिने पिशवीतून वही काढली. कारखान्यातली सवय तिने सोडली नव्हती. मोडलेली प्रत्येक सुई ती वहीत चिकटवून ठेवायची, वर्गाला दाखवायला. कालचा तुकडा तिने पानावर ठेवला. मागच्या पानावरची सुई पूर्ण होती, दोन तुकडे एकाखाली एक. या पानावर एकच तुकडा, खाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेकडे ती बघत राहिली. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली.

तिने अंगणवाडीच्या जयश्रीला फोन लावला. जयश्री त्याच वाडीतली, अंगणवाडी तीच उघडायची आणि वर्ग संपला की खोली झाडायचीही तीच.

"जयश्री, काल झाडताना सुईचा तुकडा सापडला का गं?"

"नाय ताई. मुंगळे सापडले तेवढे. का?"

"रंगूकडे जा आत्ताच. तिची ती गोधडी काढून घे. पोरीला त्यात ठेवू नको म्हणावं."

जयश्री म्हणाली, "रंगू गेली ना ताई. पहाटेच टेम्पो आला वीटभट्टीचा. दर साली दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी येतो, औंदा लवकर आला. संजू, ती, पोर, सगळा बिऱ्हाड गेला."

संजू म्हणजे रंगूचा नवरा. त्याचा फोन बंद लागत होता. निशिगंधाने पाच वेळा लावला, सहाव्यांदा लावला. तोवर जयश्री धावत रंगूची सासू हिराबाई हिच्याकडे गेली आणि तिने निशिगंधाला परत फोन लावून सासूच्या हातात दिला.

"कुठली भट्टी, हिराबाई?"

"वाशिंदच्या तिकडं गो, नदीला लागून. नाव नाय ठावं. एक मोठी चिंच हाय, तिच्या बुडाला देवीचा दगड. का गो बाई? काय झाला?"

निशिगंधाला खरं सांगवेना. "काही नाही, एक वस्तू राहिली तिची," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःची शिसारी आली. कालही असंच तर ती बोलली होती.

नवरा सकाळच्या गाडीने कामाला गेला होता. तिने आपल्या मुलीला शेजारी सोडलं, लोहचुंबक, कात्री, सुया आणि दोऱ्याची रिळं पिशवीत टाकली आणि स्कूटी काढली. महामार्गावर कंटेनरमागून कंटेनर जात होते, एरवी ती या रस्त्याला घाबरायची. आज तिला बाजूने काय जातंय तेही कळत नव्हतं. दोन महिन्यांचं पोर. टोचलं तर सांगणार कसं? रडेल. रडलं तर आई काय करणार? उराशी घेईल, गोधडीत अजून घट्ट गुंडाळेल. हा विचार आला आणि तिला स्कूटी कडेला घेऊन क्षणभर थांबावं लागलं.

वाशिंदच्या पुढे भातसा नदीच्या काठाने ती आत वळली. पहिल्या भट्टीवर अजून माणसंच आली नव्हती. दुसऱ्या भट्टीवर खुर्चीवर बसलेल्या माणसाने तिची पिशवी निरखली. "फोटो काढायला आलात का? कुठल्या संस्थेकडून?" तिने चिंचेचं विचारलं तर तो म्हणाला, "चिंचा काय, सगळीकडे असतात." शेवटी गवत वाहून नेणाऱ्या एका म्हाताऱ्याने हात लांब करून दाखवलं. "त्या वळणाला जा. आज टेम्पो आलाय तिथं."

चिंच दिसायच्या आधी तिला रडणं ऐकू आलं. तान्ह्या पोराचं, बसलेल्या आवाजातलं, अडकत अडकत येणारं. तिने स्कूटी तशीच सोडली, ती आडवी पडली, आणि शेतातून ती धावत सुटली.

नदीकाठच्या सपाट जागेवर पाच-सहा कुटुंबं पेंढ्याच्या झोपड्या उभारत होती. संजू बांबू रोवत होता. रंगू उभी राहून पोरीला हलवत होती आणि पोर त्या गोधडीत मानेपर्यंत गुंडाळलेली होती.

"बाई? तुमी हितं?" रंगू चकित झाली. "सकाळपासून रडतंय बघा. दृष्ट लागली वाटतं."

"काढ. आधी ती गोधडी काढ. काढ म्हणते ना!"

निशिगंधाने स्वतःच पोरीला ओढून घेतलं, गोधडी दूर टाकली, झबलं काढलं. पाठ पाहिली, मांड्या, काखा, मानेच्या वळ्या. पोर आणखी रडायला लागली. कुठे टिपकाही नव्हता, ओरखडा नव्हता. तिने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"काय शोधताव?" रंगूने विचारलं. तिचा आवाज आता बदलला होता.

निशिगंधाने सांगितलं. सुईचं टोक वाडीत सापडलं नाही. ते गोधडीत असेल.

रंगूने पोरीला तिच्या हातून काढून घेतलं, पदराखाली धरलं. थोड्या वेळाने रडणं थांबलं. टेम्पोत दोन तास धुरळा खात आलेलं उपाशी पोर होतं ते, पिऊन झोपी गेलं. पण रंगूची नजर निशिगंधावरून हलली नाही.

"मी इचारला होता तुमाला," ती म्हणाली. "टोक कुठं गेला, म्हनून इचारला होता."

"हो."

"तुमी बोललाव, खाली पडला."

"मला माहीत नव्हतं, रंगू. मला जीप पकडायची होती. मी बघितलंच नाही. चूक माझी आहे."

संजू बांबू टाकून जवळ आला होता. तो काही तरी बोलणार होता, रंगूने हातानेच त्याला गप्प केलं. आजूबाजूच्या बायका कामं थांबवून बघत होत्या. इतक्या लोकांपुढे निशिगंधा आयुष्यात कधी अशी उभी राहिली नव्हती.

तिने लोहचुंबक काढून गोधडीवरून फिरवलं. काही लागलं नाही. गोधडी जमिनीला टेकली तिथून चुंबकाला नदीच्या रेतीतले काळे कण तेवढे केसांसारखे चिकटले. ते पुसून पुन्हा फिरवलं. काही नाही. मग दोघींनी दोन बाजूंनी बोटांनी चाचपून पाहिलं. तीन पदरी कापड, जागोजाग जोडांच्या गाठी, प्रत्येक गाठ टोकासारखीच लागत होती.

"उसवावं लागेल," निशिगंधा हळूच म्हणाली.

पोरीला रंगूने शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि हात पुढे केला. निशिगंधाने कात्री दिली. पाच मंगळवारांचे टाके रंगूने स्वतःच्या हाताने कापायला सुरुवात केली. एकेक टाका उचलायचा, कापायचा, दोरा ओढायचा. निशिगंधा सुटलेला प्रत्येक पदर उन्हासमोर धरून बघायची. पाऊण तास गेला. मधे मुकादम येऊन ओरडून गेला की झोपडी कधी बांधणार, माती कधी मळणार. "पोरीचा अंथरून हाय," रंगू मान वर न करता म्हणाली. तो काय समजला कोण जाणे, निघून गेला.

टोक सापडलं ते कडेला नाही, वरच्या कोपऱ्याच्या आत, हिरव्या लुगड्याच्या दोन घड्यांमध्ये टाक्यांत घट्ट रुतलेलं, म्हणूनच ते चुंबकाला लागलं नव्हतं. तांदळाच्या कणीएवढं. त्याचं निमुळतं अंग आतल्या बाजूला वळलेलं होतं आणि अस्तरातून केसभर बाहेर आलं होतं. पोरीचं डोकं तिथेच यायचं.

रंगूने ते तळहातावर घेतलं. बराच वेळ बघत राहिली. मग तळहात निशिगंधापुढे धरला आणि तिने ते उचललं.

"मी घेऊन जाते," निशिगंधा शेवटी म्हणाली. "घरी मशीनवर आजच शिवून उद्या आणून देते. आधीपेक्षा चांगली."

"नको."

"अगं, एका तासाचं काम आहे."

"नको, बाई. हातानं शिवन मी. हितंच."

निशिगंधाला ते लागलं, पण लागायलाच हवं होतं. तिने पिशवीतून हातशिलाईच्या सुया आणि पांढरं रीळ काढलं. रंगूने सुई घेतली, डोळ्याजवळ नेली, बोटावर हलकेच वाकवून पाहिली, आणि मगच दोरा ओवला. ती धावदोरा घालू लागली. निशिगंधा जायला उठली नाही. तिने दुसरी सुई ओवली आणि समोरच्या टोकाकडून सुरुवात केली. रंगूने एकदा तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाली नाही.

उन्हं डोक्यावर आली. शेजारची बाई, जिच्या मांडीवर पोर झोपली होती, ती सरकत सरकत जवळ आली. "हा टाका कसा घालतंय?" तिने विचारलं. ती जव्हारकडची होती, तिचं बोलणंही वेगळं. रंगूनेच दाखवलं तिला, एकदा, दोनदा. मग आणखी एक आली, तिच्या हातात पोराची फाटकी चड्डी. तिसरीने तांदळाची उसवलेली पिशवी आणली. काही वेळाने कुणीतरी काळा चहा केला आणि निशिगंधाच्याही हातात एक पेला आला. तो तिला गिळवेना, पण तिने संपवला.

गोधडी पुरी झाली तेव्हा दुपार कलली होती. मशीनची शिवण सरळ होती, ही थोडी वाकडी गेली होती. हिरवं लुगडं एका बाजूला जरा कमी पडलं होतं. रंगूने ती जमिनीवर अंथरली आणि उघड्या तळव्याने इंच न् इंच दाबून पाहिली. एकदा उभी, एकदा आडवी. मग उलटी करून तसंच. तेव्हाच तिने पोरीला त्यावर ठेवलं.

निशिगंधा पडलेली स्कूटी उचलायला गेली, तर रंगू तिच्यामागून रस्त्यापर्यंत आली.

"रविवारी अर्धा दिवस सुट्टी असतंय हितं," ती म्हणाली. "त्या जव्हारवाल्या इचारतात. शिकवायला येता का?"

"तू सांगतेस म्हणून?"

"मी नाय. त्या." रंगू थोडी थांबली. "मी असनच पन."

निशिगंधाने मान हलवली.

पुढच्या मंगळवारी तिने पळसवाडीत सगळ्यांसमोर घडलेलं सगळं सांगितलं. सुंदरा म्हणाली, "माझ्या नातीच्या पिशवीत पन असंल तर?" आणि त्या दिवशी कुणी नवं काही शिवलं नाही. घराघरातून सगळ्या वस्तू आणल्या गेल्या, कोंबड्यांची झालरसुद्धा, आणि सगळ्या मिळून चाचपून पाहिल्या. काही सापडलं नाही. तरी दोन बायका पुन्हा आल्या नाहीत आणि निशिगंधाने त्यांना बोलावलंही नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती भट्टीवर गेली. मशीन नेलं नव्हतं, नुसत्या सुया आणि दोरे. सात जणी बसल्या होत्या. रंगू सगळ्यात मागे बसली होती, पोरीला मांडीवर घेऊन, आणि निशिगंधाने वाटलेली प्रत्येक सुई कुणाच्या हातात जाते ते बघत होती.