कहुआ तालाचे दुपारचे रक्त

प्रारंभीच सुज्ञ वाचकांस नम्रपणे विदित करतो की, जबलपुरातील महाराजपूरच्या कहुआ ताल नावाच्या तलावात भर दुपारी रक्त कसे प्रकट होत होते, एका महाराजांनी त्या रक्तास मंत्राने कसे हिरवे करून दाखविले, त्या भयापोटी माझ्या गर्भवती सुनेचा जीव कसा संकटात सापडला, आणि अखेरीस त्या चमत्काराचे मर्म काय निघाले, हे सर्व मी पुढील मजकुरात यथाक्रम निवेदन करणार आहे. जे पाहिले तेच लिहिले आहे. जेथे भ्यालो, तेथे भ्यालो असेच लिहिले आहे.

वैशाखाचे दिवस होते. आमच्या वस्तीपलीकडील कहुआ तालात काही कुटुंबे मिळून मासे पाळतात आणि त्याच पाण्यावर खालच्या अंगास भाजीचे वाफे पिकवितात. वाफ्यांची देखभाल मजकडे आहे. पाणी सकाळी नित्याप्रमाणे हिरवे असे. सूर्य वर चढू लागला की मध्यभागी तांबूस साय धरे, ती पसरत जाई, आणि माध्यान्ही संपूर्ण ताल असा दिसे की जणू कोणी तेथे गुरांचा कळपच्या कळप कापला असावा. त्यावर मेलेले मासे पांढरी पोटे वर करून तरंगत. काठावर सारी वस्ती उभी राही. बायका लेकरांची तोंडे आपल्या पदरात दाबून धरीत. संध्याकाळी तेच पाणी पुन्हा हिरवे होई, आणि हे हिरवे होणेच मला अधिक भयंकर वाटे. कारण जखम एकदा वाहिली तर समजते, परंतु रोज भरून येऊन रोज नव्याने वाहणारी जखम मनुष्याने कोठे पाहिली आहे?

तिसऱ्या की चौथ्या दिवशी जलयोगी महाराज अवतीर्ण झाले. काठावर कहुआचा, म्हणजे अर्जुनाचा, एक जुना, घनदाट वृक्ष पाण्यावर ओणवा झालेला आहे; त्याखाली त्यांनी आसन मांडले. आणि काय आश्चर्य! सारा ताल लाल असताना त्यांच्या पायांजवळचे पाणी मात्र हिरवेच राहिले.

"देखो रे देखो! जहाँ बाबा का आसन, वहाँ मैया शांत!" ते गरजले. स्वतःविषयी बोलताना ते नेहमी 'बाबा' असेच म्हणत. जणू बाबा कोणी निराळेच गृहस्थ होते आणि हे केवळ त्यांचे वकील.

पुढे आठ-दहा दिवसांनी एका दुपारी त्यांनी पितळी लोट्यात लाल पाणी घेतले, सर्वांना दाखविले, वर घट्ट झाकण ठेवले आणि मंत्र आरंभिला. मंत्रात नर्मदामैया होती, पाताळ होते, सात समुद्र होते, आणि मध्येच सर्दी-खोकल्याच्या औषधाचेही नाव आल्यासारखे मला वाटले. मंत्र फारच लांब होता. अखेर झाकण उघडले. पाणी हिरवेगार! मी सहसा कोणापुढे वाकत नाही, परंतु त्या दिवशी माझे हात आपोआप जोडले गेले.

"मैया की कोख फटी है," महाराज डोळे मिटून म्हणाले. "जिसकी कोख भरी है, वही मैया को शांत करेगी. कल दोपहर से, जब तक हरियाली न लौटे, कमर तक पानी में खड़ी रहे. नहीं तो इस बस्ती में एक भी गोद नहीं बचेगी. बाबा ने कह दिया, अब बाबा की ज़िम्मेदारी नहीं."

सर्वांच्या माना आमच्या घराच्या दिशेने वळल्या. माझी सून सुमेधा सहा महिन्यांची गर्भवती होती. पहिले मूल पोटातच गेलेले. त्याच आठवड्यात तिला रक्ताचे डाग दिसले होते आणि शहरातील नेपियर टाउनच्या डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठू नका, अशी सक्त ताकीद दिली होती. माझा मुलगा केतन कामानिमित्त कटनीला होता. घरात सुमेधाला सांभाळणारे मी आणि माझी पत्नी भागीरथा, एवढे दोघेच.

भागीरथा दुष्ट नाही, हे मी येथे आवर्जून नमूद करतो. ती भ्यालेली होती.

"अवो, मैया बोलावून राहिली तिले, अन् तुमी आडवे काहून येता?"

"डॉक्टरीणबाईनं उठू नको म्हटलं न तिले? अन् तू तिले या उनात तलावात उभी करते?"

"डॉक्टरनं सुनेचं रक्त थांबवलं का? नाई न? तलावाचं रक्त महाराजानं थांबवलं. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी."

डोळ्यांनी तर मीही पाहिले होते.

सायंकाळी मत्स्यपालन समितीचे अध्यक्ष बापूसाहेब दारी आले. मोठे सभ्य गृहस्थ; निवृत्त अधिकारी. ते उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाले, "हेमचंद्रजी, एका घराच्या हट्टापायी साऱ्या वस्तीची लेकरे धोक्यात घालू नका. आज आम्ही हात जोडून सांगत आहोत. उद्या हे हात जोडलेलेच राहतील, याची खात्री मी देऊ शकत नाही."

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी तर आजच हात जोडलेले नव्हते. ते जाताच मी दीक्षाला फोन लावला. दीक्षा ही सुमेधाची धाकटी बहीण. एकाच पाण्यावर मासे आणि भाजी, बाहेरचे खत न आणता, वर्षानुवर्षे कशी पिकविता येतील, या विषयावर ती अधारतालच्या शेतकी विद्यापीठात संशोधन करीत असते.

"काकाजी, घबराइए मत," ती म्हणाली. "मले एकच सांगा. मागच्या हफ्त्यात दिवसभर बादल होते न? त्या दिवशी पाणी लाल झालं होतं का?"

"नाही झालं. त्या दिवशी महाराजानं हवन केलं होतं."

"हवन बादल आल्यावर, की आधी?"

"आल्यावर."

"अच्छा," ती म्हणाली, आणि फोनवर चक्क हसली. त्या आठवड्यात आमच्या कानी पडलेले ते पहिले हसू होते.

सकाळीच ती स्कूटीवरून आली. तालातील हिरव्या पाण्याने काचेच्या दोन बाटल्या भरल्या. एक आमच्या अंगणातील भिंतीवर उन्हात ठेवली, दुसरी पालथ्या घमेल्याखाली झाकली. "आता वाट पाहायची," असे म्हणून तिने मला तालाकडे नेले आणि या उन्हाळ्यात पाण्यात काय काय टाकले, ते दाखवावयास सांगितले. मी दाखविले. मासे लवकर पोसावेत म्हणून समितीने कोंबडीखताची पोतीच्या पोती ओतली होती, त्यावर युरिया. आणि पाणी तर आटून निम्म्यावर आलेले. दीक्षाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात आमच्या घराकडून किंकाळी ऐकू आली.

घडले ते असे. भागीरथा अंगणात आली आणि तिने भिंतीवरील बाटली पाहिली. हिरवे पाणी तेथे रक्तवर्ण झाले होते. घमेल्याखाली दुसरी बाटली आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिला एवढेच समजले की, तालातली मैया सुनेला नेण्यासाठी चालत आमच्या दाराशी आली आहे. ज्या प्रयोगाने भय जावयाचे, त्यानेच ते शतपटीने वाढविले! आम्ही धावत घरी पोहोचलो, तो पलंग रिकामा होता; भागीरथा तिला परसदाराच्या वाटेने तालाकडे घेऊन गेली होती.

आम्ही तसेच मागे धावलो. मी आयुष्यात इतका भ्यालो नव्हतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सारे तालावर जमले होते. गर्दीतून वाट काढून पुढे गेलो, तो सुमेधा शेवटच्या पायरीवर उभी; तिचे एक पाऊल त्या लाल पाण्यात. ओठ पांढरे पडलेले. भागीरथेने तिचे मनगट घट्ट धरले होते आणि स्वतः रडत होती.

"मामाजी, आडवू नका मले," सुमेधा मला म्हणाली. "पह्यलं गेलं. हे तरी राहू द्या. मी उभी राहते."

"ताई, वर ये," दीक्षा म्हणाली. "सासूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून सावलीत पड. कणीक मुरायला लागते न, उतनाच टाइम मला द्या सगळ्यांनी. तेवढ्यात मी हे पाणी हिरवं करून दाखवते. मंत्र मला एक भी नहीं आता."

"बेटी, विज्ञान यहाँ नहीं चलता," महाराज उद्गारले.

"चालतं का नाही, ते पाहूच न, बाबाजी. आप बैठिए."

बापूसाहेबांनी गर्दीकडे पाहिले, महाराजांकडे पाहिले, आणि का कोण जाणे, म्हणाले, "तेवढा वेळ देऊ या."

वांग्याच्या वाफ्यांवर तण उगवू नये म्हणून आम्ही काळा प्लास्टिकचा कागद अंथरतो. त्याची उरलेली गुंडाळी मी आणली. जाळी वाळविण्याचे चार बांबू काठाजवळच्या उथळ पाण्यात रोवून त्यांवर तो आडवा ताणावयाचा होता. पाण्यात उतरावयास कोणी तयार होईना. मी उतरलो. पाणी कोमट होते, दाट होते, आणि पोटरीला साय चिकटावी तसे चिकटत होते. प्रत्येक पावलागणिक वाटे, आता तळातून कोणीतरी घोटा धरणार.

"काला कपड़ा! मैया के मुँह पर काला कपड़ा!" महाराज ओरडले. "भुगतोगे!" गर्दी एकदम पुढे सरकली. एक दगड माझ्या खांद्याजवळून पाण्यात पडला. मी बांबू सोडला नाही. वास्तविक भीतीने माझी बोटेच उघडत नव्हती.

कागद ताणला गेला आणि आम्ही वाट पाहू लागलो. महाराजांचे शाप चालू होते. दीक्षा पायरीवर बहिणीचा हात धरून बसली होती. मी तिच्या कानाशी लागून विचारले, "होईल न पोरी?"

"बाटलीत होते, काकाजी," ती हळूच म्हणाली. "तलावात मी बी पहिल्यांदाच करून राहिली."

अखेर तिने खूण केली. मी दोऱ्या सोडल्या, कागद ओढून काढला. त्या अफाट लाल पाण्यात, कागदाच्या बरोबर आकाराचा, एक हिरवा चौकोन उभ्या वस्तीने पाहिला. आणि पाहता पाहता, उन्हाचा मारा होताच, तो चौकोन पुन्हा तांबूस होऊ लागला.

मग भागीरथा उठली. ती महाराजांसमोर गेली आणि हात जोडून, कापत्या आवाजात म्हणाली, "महाराज, तुमच्यावर माहा विश्वास हाय. आता एक डाव लोट्याचं झाकण काढा, उनात ठेवा, अन् मंत्र म्हणा. बस, एवढंच करा. मी सुनेला स्वतः पाण्यात घेऊन जाते."

महाराज म्हणाले, "मैया अभी क्रोध में है."

"मग झाकण असलं की मैयाचा क्रोध जाते का?" मागून कोणी तरी विचारले.

"बाबा, ज़रा झाड़ से उठकर धूप में बैठो न! देखें, पानी पीछे-पीछे आता है क्या!" दुसऱ्याने हाक दिली. गर्दीत हशा पिकला. कहुआच्या दाट सावलीत पाणी हिरवे होते, त्यात आसनाचा काही पराक्रम नव्हता, हे आता शेंबड्या पोरालाही समजले. मंत्र इतका लांब का, तेही मला तेव्हा उमगले. झाकणाखालच्या पाण्यास रंग पालटावयास वेळ लागतो. महाराजांनी लोटा उचलला, रस्त्यावर रिक्षा गाठली, आणि बाबा व बाबांचे वकील, दोघेही एकाच रिक्षातून निघून गेले.

दीक्षाने सर्वांस समजावून सांगितले ते असे. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव माजले आहेत. त्यांचे नाव युग्लीना. प्रत्येकाच्या अंगी हिरवा रंग आहे आणि लालही. कडक ऊन पडले की बचावासाठी तो जीव आतला लाल रंग अंगभर पसरवितो. सावली किंवा अंधार झाला की पुन्हा आत ओढून घेतो. "नेपियर टाउनमध्ये दुपारी स्कूटीवरच्या पोरी तोंडाला ओढणी गुंडाळतात न? दुकानात गेल्या की सोडतात. बस, वैसाच," ती म्हणाली. पाणी आटले, उष्मा वाढला आणि आम्ही खत भरमसाट ओतले, म्हणून ते इतके माजले.

"म्हणजे भिण्यासारखे काहीच नाही?" बापूसाहेबांनी विचारले.

"आहे न, बापूसाहेब. हे जीव विष सोडू शकतात. मासे बहुतेक त्यानंच मेले. ते मासे कोणी खाऊ नका. ढोरांना इथलं पाणी पाजू नका. खत आजपासून बंद. ताजं पाणी सोडू, पाण्याची तपासणी होऊ द्या, मग वाफ्यांना किती द्यायचं ते ठरवू."

बापूसाहेबांनी आपली गाडी काढली आणि सुमेधाला स्वतः नेपियर टाउनला नेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई प्रथम आम्हा सर्वांस अतिशय रागावल्या. नंतर त्यांनी सुमेधाच्या पोटावर यंत्र ठेवले. खोलीत काही क्षण नुसती खरखर होती. भागीरथेने माझा सदरा मुठीत धरला. आणि मग टप-टप, टप-टप, घोड्याच्या टापांसारखे, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू आले.

"हे आतलं होय का?" भागीरथेने विचारले.

"आतलंच, आजी."

"मी हे पाण्यात घेऊन चालली होती," ती म्हणाली, आणि तेथेच भिंतीला टेकून खाली बसली.

वाचकहो, भय वाटणे हा अपराध नाही. मीही भ्यालो होतो. परंतु भ्यालेल्या मनुष्याच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो, हे आपण विसरतो. निसर्गात नवल घडले तर ते जवळ जाऊन पाहावे, केव्हा घडते आणि केव्हा घडत नाही हे विचारावे, जाणत्यास बोलवावे. आणि जो मनुष्य आपल्याच अटींवर चमत्कार दाखवितो, त्याला आपल्या अटींवर तो पुन्हा करावयास सांगावे. त्याने नकार दिला, तर आपल्या लेकीसुनेचा हात त्याच्या हाती कदापि देऊ नये, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

हा दीर्घ मजकूर आपण धीराने वाचलात, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
हेमचंद्र श्रावण बोरकर
महाराजपूर, जबलपूर