सुगंधाचं पाचक

१९६५ साली मी देवबागच्या शाळेत मास्तर होतो. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, आणि माझं इंग्रजीही मॅट्रिकपुरतं. तार आली, औषध आलं, की लोक माझ्याकडे येत.

सत्यवतीचं घर शाळेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. नवरा दत्ताराम मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला, दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. घरात ती आणि सहा वर्षांची सुगंधा. आमचा गाव म्हणजे वाळूची पट्टी. माड होतात, भात होत नाही. त्या वर्षी रेशनवर तांदूळ आटला आणि लाल गहू येऊ लागला. जन्मभर पेज-भात खाल्लेली माणसं वेड्यावाकड्या चपात्या लाटायला शिकली. सुगंधाही खाऊ लागली. चार महिन्यांत तिचं पोट घागरीएवढं झालं आणि हातापायांच्या काड्या. दिवसातून सात-आठदा फिकट, तेलकट जुलाब. वर्गात ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची.

देवाला कौल लावून झाला, मालवणच्या डॉक्टरांची जंतांची औषधं झाली. शेवटी सत्यवती तिला घेऊन बोटीने मुंबईला भावाकडे गेली. तिथे विलायतेत शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सिलिअॅक. परत आल्यावर तिने मला कागद दाखवला. गहू, रवा, मैदा, बार्ली कायमची बंद.

"आणि औषध?" मी विचारलं.

"औषध नाय म्हणाले. गहू बंद, ह्याच औषध."

सत्यवतीने आपल्या वाट्याचा तांदूळ लेकीला दिला आणि स्वतः चपाती खाल्ली. सुगंधाची भांडी वेगळी, तवा वेगळा. दोन महिन्यांत जुलाब थांबले. पण अंग भरेना. मासळी खाल्ली, खोबरं घातलेलं काही खाल्लं की पोट फुगायचं. मालवणच्या डॉक्टरांनी पाचक लिहून दिलं. आतले पाचक रस कमी पडतात, ते बाहेरून द्यायचे. जेवणानंतर दोन चमचे.

मधल्या सुट्टीत सत्यवती ती बाटली पदराखाली धरून शाळेत आली.

"मास्तरांनू, ह्याच्यात गहू नाय मां? वाचून सांगा."

मी दोनदा वाचलं. पेप्सिन, डायस्टेस, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, साखर. गव्हाचं नाव नव्हतं, बार्लीचंही नव्हतं. माल्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. बूच काढून हुंगलं तर काकवीसारखा वास आला. म्हटलं, तसलंच काही असेल. शाळेच्या कपाटात शब्दकोश होता. पण ती समोर उभी होती, पोरं बघत होती, आणि मला अडलेलं दाखवायचं नव्हतं.

"नाय गो. निर्धास्त दी."

सुगंधाला ते औषध फार आवडलं. जेवण झालं की चमचा स्वतः घेऊन यायची. "आये, गोड औषध दी गो." तीन आठवड्यांनी जुलाब पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी पाचक दुप्पट करायला सांगितलं. आणखी महिन्याने ती चालताना बसकण मारू लागली, पावलांवर सूज आली. तेव्हा डॉक्टर सत्यवतीवर चिडले.

"तुम्ही मुलीला चोरून चपाती देता. मुलीचे हाल तुम्हीच करताय."

घरी येऊन तिने गव्हाचा डबा शेजारच्या काशीबाईला देऊन टाकला. आपल्या हाताला पीठ लागतं, तेच पोरीच्या पोटात जातं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्या दिवसापासून ती स्वतः उकडलेल्या कंदांवर आणि शहाळ्यांवर राहू लागली. हात राखेने इतके घासायची की बोटं सोलवटून निघाली होती. आणि रोज चार-चार चमचे पाचक न चुकता देत होती.

मला ते हात दिसले. मग मी मुंबईच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं आणि बाटलीवरचा सगळा मजकूर त्यात उतरवून काढला. पावसाळ्याने बोटी बंद, डाक एस.टी.ने फिरून येई. उत्तराला एकवीस दिवस लागले. डॉक्टरांनी लिहिलं होतं, माल्ट बार्लीपासूनच करतात. डायस्टेसही बहुधा त्यातूनच काढलेलं असतं. बाटली आजच बंद करा.

मी भर पावसात तिच्या घरी गेलो. सुगंधा गोधडीवर पडून होती. मी सत्यवतीला पत्र वाचून दाखवलं आणि मग सांगितलं, "तो शब्द माका कळूक नव्हतो. तरी मी तुका दी म्हणान सांगितलंय."

तिने फळीवरची बाटली उचलून हातात घेतली. "मी माझ्या हातान पाजलंय," एवढंच म्हणाली. मला एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पत्रात पुढे होतं की पाचक हवंच असेल तर माल्ट नसलेली पूड मिळते. मात्र तिच्यात भर म्हणून कसलं तरी पीठ घालतात, ते कशाचं ते कंपनीला विचारून घ्या. मालवणच्या दुकानात तशी एक पूड होती. डब्यावर पिठाचा उल्लेखच नव्हता. दुकानदार म्हणाला, "मी विकतंय, मी थोडोच बनवतंय?" मी कंपनीला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

मी आणून दिलेला तो डबा आठ दिवस सत्यवतीच्या फळीवर होता. सुगंधाला पेजही पचत नव्हती, आणि रेशनवर पुन्हा फक्त गहू आला होता.

"देऊ काय नको?" तिने विचारलं.

"माका म्हायत नाय, सत्यवती."

"मगे कोणाक म्हायत आसा?"

तिने डबा उघडला नाही. पेजेचं वरचं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहिली. पोर वाचली. ती पूड न दिल्यामुळे वाचली, की दिली असती तर लवकर सावरली असती, ते कुणी सांगू शकलं नाही. गणपतीनंतर ती उंबऱ्याशी येऊन बसू लागली. पुढच्या वर्षी शाळेत परत आली तेव्हा आठ वर्षांची होती आणि पाच वर्षांच्या मुलीएवढी दिसत होती. तिची उंची पुढे कधी फारशी वाढली नाही.

त्या गणपतीनंतरच्याच दिवाळीत कंपनीचं पाकीट आलं होतं. आत छापील आभारपत्र होतं, आणि नव्या टॉनिकची जाहिरात.