कमळाबाईंचा हयातीचा दाखला

मित्रांनो, मी अंगठ्याच्या शाईची एक जुनी डबी आहे. वरून पत्रा, आत जांभळी मऊ गादी. पनवेलच्या एका कचेरीत, पेन्शनच्या खिडकीत माझं सारं आयुष्य गेलं.

पेन्शन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. म्हणजे ‘मी अजून आहे’ असं सांगायचं. ज्याला सही येत नाही, तो माझ्यात अंगठा बुडवतो. मी नवी होते तेव्हा निवृत्त झालेला माणूस आठ-दहा नोव्हेंबर यायचा, मग यायचा थांबायचा. पुढे औषधपाणी सुधारलं. देवाच्या दयेने माणसं ऐंशी, नव्वद वर्षं जगू लागली. ओळखीचे अंगठे पुन्हा पुन्हा भेटत, मला किती बरं वाटायचं! खिडकीतल्या उदयसिंहसाहेबांची यादी मात्र लांबत गेली.

सर्वांत जुना अंगठा जवळच्या विचुंबे गावातल्या कमळाबाईंचा. तीस वर्षं त्यांनी शाळा झाडली होती. तुळशीचं लग्न झालं की त्यातले आवळे पदरात बांधून त्या यायच्या. “हाय रं बाला, हाय मी अजून!” म्हणत अंगठा उठवायच्या, आवळे साहेबांपुढे ठेवायच्या आणि उरलेली शाई आपल्या पांढऱ्या केसांना पुसायच्या.

एका नोव्हेंबरात साहेब सकाळपासून वैतागलेले होते. निवृत्तीचं वय वाढणार, अशी बातमी त्यांनी वाचली होती. कमळाबाईंना पाहून म्हणाले, “आजी, तीस वर्षं झाडू मारलात आणि तेहतीस वर्षं पेन्शन खाताय! तुम्ही असेच जगत राहिलात, तर आम्हाला पासष्टीपर्यंत राबवतील.”

रांग हसली.

“मंग माजं जगनं जड झालं का रं सरकारला?”

“झालं की!” आवळा चावत साहेब म्हणाले.

त्या दिवशी कमळाबाईंनी शाई केसांना पुसली नाही. अंगठा तसाच मुठीत धरून गेल्या.

पुढच्या नोव्हेंबरात त्या आल्या नाहीत. ‘गेल्या असतील’ असं समजून साहेबांनी त्यांची पेन्शन थांबवली. घरी जाऊन कुणी पाहिलं नाही. फाल्गुनात त्यांची नात मनिषा आली.

“आजी परवा गेली.”

“परवा?” साहेब उभेच राहिले. “मग नोव्हेंबरात...”

“चांगली हिंडतीफिरती होती. दारात रिक्षा आणली तर म्हणाली, मी नाय येत, सांग त्यांना म्हातारी गेली. नंतर गोळ्यासुद्धा घेईना. म्हणे, कशाला उगाच लांबवायचं.”

“अगं, मी गंमत केली होती.”

“तिला गंमत कळायची, साहेब.” मनिषाने पिशवीतून सुकलेले आवळे काढले. “तुळशीच्या लग्नातले. तुमच्यासाठी ठेवले होते तिने.”



आता अंगठा वाचणारं यंत्र आलं आहे. मी कपाटात कोरडी पडले आहे. माझ्या गादीवर मधोमध एक खळगा आहे, तेवढा अजून ओलसर वाटतो.

माणसं किती जगतील, कुणी किती वर्षं काम करावं, पेन्शनला पैसा कुठून आणावा, हा प्रश्न खोटा नाही. शहाण्यांनी बसून तो जरूर सोडवावा. पण मित्रांनो, कुणाच्या तोंडावर तो सोडवू नका. कुणी “मी आहे” असं सांगायला आलं, तर आधी “बरं झालं आलात” म्हणा. माझी कमळाबाई तेवढंच ऐकायला यायची हो.