आमेनची घाई

‘हे प्रभू, माह्या सासूच्या डोयाचं आप्रेशन…’
आमेन.

‘बापा, आमच्या गावाले तू…’
आमेन.

‘प्रभू, मी काई शिकली नाई, पन…’
आमेन.

तिन्ही प्रार्थना सुवर्णाच्या. तिन्ही आमेन पास्टर धोंडीबांचे.

बोथ गावाच्या आसपासच्या पाच गावांत धोंडीबांनी बावीस वर्षं मोटारसायकल फिरवून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या होत्या. प्रार्थना करताना कुणी अडखळलं की त्यांचाच जीव कासावीस व्हायचा. चारचौघांत बिचाऱ्याची फजिती नको, म्हणून ते चटकन आमेन म्हणत. दयाच होती ती. त्या दयेखाली पाचही गावांत कुणी मान वर काढली नव्हती.

आणि आता मंगळवारी निर्मलच्या दवाखान्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. तीन महिने गाडी बंद. मागं टायफॉईडनं महिनाभर अंथरुणाला खिळले, तेवढ्यात एका गावची सभा मोडली होती. ती पुन्हा बसलीच नाही.

‘बावीस वर्सांत सभा चालवाले एक मानूस तयार झाला नाई. काऊन?’ शनिवारी जेवताना ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई चुलीपुढे होत्या. ‘तुमी होऊ देता का? भाकर फुगाच्या आंदीच तव्यावरून काढता.’

‘मी तं मदत करतो!’

‘हो ना. कच्च्या भाकरी खाऊन राह्यलो आमी बावीस वर्सं.’

धोंडीबांनी ताटातली भाकर उलटून पाहिली.

रविवार. पत्र्याचं छप्पर, अठरा माणसं. आज सगळी सभा सुवर्णा चालवणार, असं धोंडीबांनी सांगून टाकलं. सुवर्णा कापूस वेचणाऱ्या पंचवीस बायांची टोळी हाकणारी. तिची हाक शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला जायची. इथं मात्र हनुवटी छातीला टेकलेली.

‘मंग आज लवकर सुट्टी,’ मंडळीतले सगळ्यांत वडील चंपतराव मिशीत हसले.

गाणं झालं. वाचन झालं. सुवर्णा प्रार्थनेला उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले.

‘हे प्रभू, आमच्या पास्टरकाकाचा गुडघा…’

थांबली.

धोंडीबांच्या ओठांवर ‘आ’ आला.

गिळला.

पत्र्यावर चिमणी.

चंपतरावांचा खोकला.

पुन्हा ‘आ’.

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. राहवेना, म्हणून डोळे किलकिले केले. पाहतात तर अठरा माणसं एकेक डोळा उघडून बसलेली, आणि सगळी त्यांच्याकडेच पाहणारी. जिच्या तोंडी प्रार्थना होती तिच्याकडे कुणीच नाही.

ते उठले. लंगडत बाहेर गेले. चपलांच्या ढिगाऱ्याशी, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

आत काहीच नाही.

काहीच नाही.

मोडली सभा, त्यांना वाटलं. पाय वळलाही दाराकडे.

‘ओ चंपतमामा! बाहीर काय पाह्यता? डोये मिटा! सारेच मिटा. प्रार्थना सरली नाई अजून.’

शेतातला आवाज होता तो. मग तो चालूच राहिला. गुडघा, सासूचे डोळे, शाळेची न येणारी बस, प्रणिताचं बाळंतपण. ‘आन् प्रभू, चंपतमामा नऊ वर्सं झाले भावाशी बोलून नाई राह्यले. तू जरा त्यायच्या मांगं लाग.’

धोंडीबा चपापले. नऊ वर्षांत त्यांची हे म्हणायची छाती झाली नव्हती.

गुडघा ठणकत होता. मध्ये दोनदा ती थांबली. कुणी हललं नाही. ती पुन्हा सुरू झाली.

शेवटी आतून आमेन आला. अठरा जणांचा, मागंपुढं, वेडावाकडा.

चंपतराव पहिले बाहेर आले. कानशिलं लाल. चपला पायात सरकवत पुटपुटले, ‘हेच आयकाचं का तीन महिने?’

‘हेच,’ धोंडीबा म्हणाले.

‘बुधवारची सभा माह्या घरी हाय. सांगितलं मी तिले.’

‘मले नाई इचारलं?’

‘तुमाले?’ चंपतरावांना खरंच नवल वाटलं. ‘ते सुवर्णाले इचारा.’

धोंडीबांना कुठंतरी लागलं. लागलं तसं त्यांनी लागू दिलं, आणि आपली चप्पल शोधायला वाकले.